सपाट छताचा ढाळ : माळवदापासून स्लॅबपर्यंत

विहाराच्या स्मरणिकेत छपराचा इतिहास कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण आपल्या वस्तीत पावसाळा आला की घरोघरी पहिला विषय तोच असतो. कुणाच्या वरच्या मजल्याला ओल आली, कुणाच्या स्वयंपाकघरात पातेलं मांडावं लागलं, कुणाच्या पोराची वह्या-पुस्तकं भिजली. विहार असो, घर असो की सोसायटीची इमारत असो, वर स्लॅब आहे आणि स्लॅबवर पाणी आहे. तेव्हा हे सपाट छत आपल्याकडे आले कुठून आणि त्यावरचे पाणी काढण्यासाठी आपल्या आधीच्या माणसांनी काय केले, हे एकदा नीट समजून घ्यायला हरकत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. जे छत खरोखर सपाट असते ते गळते. जे चांगले असते ते फक्त सपाट दिसते. त्याला डोळ्याला न दिसणारा उतार दिलेला असतो. गवंडी त्याला ढाळ म्हणतात. या लेखात या ढाळाची कथा आहे, आणि त्याच्या जोडीने ओझ्याचीही. दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत.

विनयपिटकातील एक पडलेला विहार

सपाट छत ही फार जुनी वस्तू आहे. मोहेंजोदडोच्या पक्क्या विटांच्या घरांवर लाकूड, चटई आणि मातीची सपाट छते असावीत असे अभ्यासक मानतात. त्या घरांच्या भिंतींतून वरचे पाणी खाली आणणाऱ्या भाजक्या मातीच्या नळ्या सापडल्या आहेत. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीही वर पडलेले पाणी खाली कसे आणायचे, याचा विचार घर बांधतानाच झालेला होता.

भगवान बुद्धांच्या काळातील बांधकामाची माहिती विनयपिटकात मिळते. चुल्लवग्गात निवासस्थानांविषयी जो भाग आहे त्यात छप्पर शाकारण्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : वीट किंवा कौल, दगड, चुन्याचा गिलावा, गवत आणि पाने. भिक्खू वर्षावासात एका जागी राहात. त्यामुळे न गळणारे छप्पर ही संघाची रोजची गरज होती.

त्याच विनयात छन्न नावाच्या भिक्खूची एक गोष्ट येते. प्रसंग कौशांबीच्या घोषिताराम विहारातला आहे. एका महामात्याने छन्नासाठी विहार बांधून दिला. विहार पूर्ण झाला. पण छन्नाचे समाधान होईना. त्याने तो पुन्हा पुन्हा शाकारून घेतला, पुन्हा पुन्हा लिंपून घेतला. शेवटी भार असह्य होऊन विहार कोसळला. त्यानंतर नियम झाला की छप्पर शाकारण्याचे थर दोन किंवा तीन, त्याहून अधिक घालू नयेत. पाचित्तिय नियमांपैकी हा एकोणिसावा नियम आहे.

गोष्ट लहान आहे, पण बघा, त्यात बांधकामाचा केवढा मोठा धडा आहे. गळू नये म्हणून घातलेला थर एका मर्यादेनंतर घरालाच मारतो. पुढे महाराष्ट्राच्या मातीत हा धडा किती महागात पडला, ते आपण पाहणारच आहोत.

कान्हेरी : खडकातला ढाळ

आपल्यापैकी बहुतेकांनी बोरिवलीची कान्हेरी लेणी पाहिली आहेत. पौर्णिमेला, सुटीच्या दिवशी आपण कुटुंबासह जातो, लेणी पाहतो, डबा खातो, परत येतो. पुढच्या वेळी गेलात तर लेण्यांच्या वर डोंगरावर चढा आणि पायाखालचा खडक बघा. खडकात पाण्याच्या अरुंद चऱ्या कोरलेल्या दिसतील. वरच्या उघड्या कातळावर पडणारा पाऊस या चऱ्यांनी गोळा होतो आणि खालच्या टाक्यांत जातो.

लेण्याचे छत म्हणजे डोंगरच. तेथे पाणी अडले तर ते खडकाच्या भेगांतून आत उतरणार, आणि दर्शनी भागावरून ओघळले तर दारातच धार लागणार. म्हणून पाण्याला वरच वळवून घेतले. कोरणाऱ्याने दोन कामे एका चरीत साधली : लेणे कोरडे राहिले आणि पावसाळ्यानंतर पिण्याचे पाणी मिळाले. या टाक्यांना शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने अशी एक पोढी दान दिल्याचा लेख कान्हेरीत आहे. जेथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्या डोंगरावर ही योजना शतकानुशतके चालली. पंप नाही, पाईप नाही. फक्त ढाळ.

माळवद आणि धाबे

आता पठारावर येऊ. सोलापूर, लातूर, धाराशिव, बीड, नांदेड या भागात जुन्या घरांवर मातीचे सपाट छत असे. तिकडे त्याला माळवद म्हणतात. खानदेशात आणि वऱ्हाडाकडे धाबे म्हणतात. “नियम धाब्यावर बसवला” असे आपण बोलतो त्यातले धाबे हेच.

माळवदाची रचना अशी. दगड-मातीच्या दोन-तीन फूट रुंदीच्या भिंती. त्यांवर लाकडाच्या तुळया. तुळयांवर फळ्या किंवा किलच. किलचांवर पाला पसरायचा आणि त्यावर मातीचा थर चोपून बसवायचा. माती कुठलीही चालत नाही. शेतातली काळी माती उन्हात भेगाळते, म्हणून ती नको. गावठाणातली, जुन्या गढीची पांढरी माती लागते. ती ओली झाली की फुगून बारीक भेगा मिटवते आणि पाणी वरून वाहून जाऊ देते. खानदेशात खारी माती वापरतात.

या मातीला ढाळ दिलेला असे. भिंतीतून बाहेर काढलेल्या लाकडी, दगडी किंवा पत्र्याच्या पन्हळीकडे सगळे छत किंचित उतरते असे. उन्हाळ्यात त्यावर झोपायचे, कुरडया-पापड वाळवायचे. मृगाच्या आधी मात्र वर चढून उगवलेले गवत उपटायचे, उंदराची बिळे बुजवायची, खड्डे भरायचे, नवी पांढरी माती टाकून चोपायची आणि पन्हळीचे तोंड मोकळे करायचे. हे दरवर्षीचे काम. ज्या वर्षी ते चुकले त्या वर्षी घर गळाले म्हणून समजा.

सहाशे ते आठशे मिलिमीटर पावसाच्या, कडक उन्हाच्या मुलखाला हे छत शोभणारे होते. उन्हाळ्यात घर थंड आणि थंडीत उबदार. डोक्यावरचे ऊन त्या मातीतून खाली उतरत नसे. आणि हेही लक्षात ठेवले पाहिजे की गावात प्रत्येकाच्या वाट्याला माळवद नव्हते. लाकूड-दगड ज्याला परवडेल त्याचे माळवद. गावकुसाबाहेरच्या बहुतेक घरांवर गवत-पाल्याचे छप्परच होते. दुसऱ्याच्या माळवदावर माती वाहून नेणारे हात मात्र अनेकदा त्याच घरांतले असत.

३० सप्टेंबर १९९३

या माळवदात एक दोष हळूहळू वाढत गेला. दर पावसाळ्याआधी नवी माती वर जाई, पण जुनी माती खाली येत नसे. कुठे पाणी साचले की तेथे आणखी चार पाट्या माती. ढाळ बिघडला की पुन्हा माती. एका पिढीची माती, तिच्यावर दुसऱ्या पिढीची. असे करता करता थर एक फूट, दीड फूट, काही ठिकाणी दोन फुटांपर्यंत गेले.

हिशेब करून बघा. दहा फूट बाय बारा फुटांची लहानशी खोली. तिच्यावर एक फूट जाडीची माती म्हणजे साडेपाच ते सहा टन ओझे. दोन फूट असेल तर त्याच्या दुप्पट. एवढे ओझे मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी पेललेले होते. जमीन स्थिर होती तोवर ते उभे राहिले.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजायच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झालेले होते आणि गावे गाढ झोपेत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंप अतिशय मोठा म्हणावा असा नव्हता. जगात त्याहून मोठे भूकंप होतात आणि माणसे वाचतात. येथे दगडी भिंती फुटल्या आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. ढिगाऱ्याखाली पुष्कळांचा श्वास त्या मातीनेच कोंडला.

नंतर अभियंत्यांनी पाहणी केली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. कुडाच्या भिंती आणि हलके छप्पर असलेल्या झोपड्या बऱ्याच अंशी टिकल्या. आणि ज्या घरांत माळवद भिंतींवर न टेकता लाकडी खांबांच्या चौकटीवर टेकले होते, तेथे भिंती पडल्या तरी काही ठिकाणी छत उभे राहिले. पुढे जुनी घरे दुरुस्त करताना मातीचा थर कमी करून त्यात प्लॅस्टिकचा कागद घालावा, असे लोकांना सांगण्यात आले. पाणी कागद अडवतो, मग मातीच्या डोंगराची गरज उरत नाही.

विनयातला छन्नाचा विहार आणि किल्लारीची माळवदे यांच्यात अडीच हजार वर्षांचे अंतर आहे. कारण मात्र एकच : थरावर थर.

मुंबईच्या पावसात सपाट छत

कोकणात आणि मुंबईत सपाट छताची परंपरा नव्हती, आणि त्याला कारण होते. इतक्या पावसात मातीचे छत आठवडाभर टिकणार नाही. येथे उतरती छपरे : आधी गवत, पेंढा, झावळ्या, मग नळीची कौले. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि मंगलोरी कौल सगळ्या किनाऱ्यावर पसरले. उतरत्या छपरावर पाणी थांबतच नाही, त्यामुळे चिंता कमी.

मग लोखंड आणि सिमेंट आले. फ्रान्समध्ये मोनिए याने १८६७ साली आणि एनबिक याने १८९२ साली लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ही पद्धत मुंबईत रुळली. १९३० नंतर मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या राहिल्या त्या सपाट गच्चीच्याच. जागा महाग, मजल्यावर मजला चढवायचा आणि वर गच्ची मोकळी वापरायला. अशा रीतीने कोरड्या पठाराचे सपाट छत काँक्रीटच्या रूपाने धो धो पावसाच्या शहरात येऊन बसले.

नव्या वस्तूचा मोह सगळ्यांनाच असतो. चंदीगड शहराची रचना करणारे प्रसिद्ध वास्तुविशारद ल कार्बुझिए सपाट छताचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांनी पॅरिसजवळ पुआसी येथे बांधलेले ‘व्हिला साव्हॉय’ हे घर १९३१ साली पूर्ण झाले आणि जगभर गाजले. पण ते गळत होते. घराच्या मालकीणबाईंनी दिवाणखान्यात पाऊस येतो अशा तक्रारींची पत्रे त्यांना लिहिली. मोठ्या माणसाच्या हातचे छतही पाण्याला ओळखत नाही. पाणी फक्त उतार ओळखते.

आपल्या लोकांच्या वाट्याला स्लॅब उशिरा आला. चाळीच्या खोल्या, झोपडपट्टीतले पत्रे, गावाकडचे छप्पर, असा प्रवास करत आपण येथवर आलो. २००८ नंतर रमाई आवास योजनेतून अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध कुटुंबांना घरकुले मिळू लागली. पत्र्याऐवजी डोक्यावर स्लॅब पडला की त्या घरात पेढे वाटले जातात. ते योग्यच आहे. पण स्लॅब पडला म्हणजे काम संपले असे होत नाही.

हिशेब ढाळाचा आणि ओझ्याचा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर त्या दिवशी सुमारे ८७ हजार लिटर पाणी पडले. दहा हजार लिटरचे जवळजवळ नऊ टँकर. हे पाणी निघून गेले तर ठीक. अडले तर एक इंच पाणी म्हणजेही त्याच गच्चीवर सव्वादोन टनांच्या वर भार.

आणि साचलेले पाणी नुसते बसून राहात नाही. ते बारीक भेगेतून आत जाते. आतली सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. खाली सिलिंगचे पोपडे पडतात. तोवर आपण रंग लावत बसतो.

म्हणून मुंबईकडे स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात. स्लॅब साफ करून सिमेंटचे पाणी फिरवायचे. विटांचे तुकडे मसाल्यात बसवत ढाळ काढायचा. त्यावर पाणी भरून ठेवून काही दिवस पाहायचे. मग वरचा थर घोटून त्यावर दोरीने चौकटी पाडायच्या. कठड्याच्या कोपऱ्यात काटकोन ठेवायचा नाही, तेथे गोल वाटा करून कठड्यावर फूटभर चढवायचा, कारण पाणी नेहमी कोपऱ्यातूनच घर शोधते.

ढाळ किती? साधारण शंभर फुटांना एक फूट. म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच धरा. आता तीस फूट लांबीची गच्ची घ्या आणि पाण्याचे तोंड एकाच टोकाला ठेवा. त्या टोकाला अडीच इंच कोबा, तर दुसऱ्या टोकाला तो सहा इंचांवर जातो. हजार चौरस फुटांना हे ओझे सुमारे वीस टन. तेच पाणी दोन्ही टोकांना काढले तर उतार पंधरा पंधरा फुटांचाच राहतो, मधली जाडी सव्वाचार इंचांच्या आसपास येते आणि ओझे सोळा टनांवर उतरते. एक जादा पाईप लावला तर चार टन डोक्यावरून कमी झाले. ज्याला नवीन बांधायचे आहे त्याने स्लॅब ओततानाच थोडा उतार देऊन घ्यावा, म्हणजे कोबा आणखी पातळ होतो.

एवढे ओझे धरून अभियंता स्लॅबचा हिशेब करतो. पण दहा-पंधरा वर्षांनी गच्ची गळू लागते. कंत्राटदार म्हणतो, “जुना कोबा फोडायला खर्च येईल, आवाज होईल, वरूनच नवीन मारू.” वर्गणी कमी, घाई पावसाळ्याची, लोक हो म्हणतात. पुढच्या दहा वर्षांनी तिसरा थर. खालचा स्लॅब म्हातारा होत चाललेला, त्याच्या सळ्या गंजलेल्या आणि डोक्यावर दुप्पट-तिप्पट भार. स्लॅब मध्ये वाकतो. वाकला की तेथे पाणी साचते. साचले की आणखी गळते. मग आणखी एक थर. माळवदाचीच ही शहरी आवृत्ती आहे, फक्त मातीच्या जागी सिमेंट आले.

पावसाळ्याआधी पाहायच्या गोष्टी

गच्ची आपली असो की सार्वजनिक, खर्च करण्याआधी काही साध्या गोष्टी घरच्या घरी पाहता येतात. गच्ची झाडून दोन-चार बादल्या पाणी ओता आणि ते कोणीकडे जाते ते बघा. जेथे डबके राहील तेथे खडूने खूण करा. पाण्याच्या तोंडाशी पाला, पिशव्या, सिमेंटचा राडा अडकला आहे का पाहा. पुष्कळदा गळतीचे कारण एवढेच निघते. कठड्याच्या सांध्यात पिंपळाचे रोप उगवले असेल तर ते लहान असतानाच मुळासकट काढा. टाकीचा, अँटेनाचा, मंडपाच्या खांबाचा पाया म्हणून कोब्यात भोके पाडू देऊ नका.

दुरुस्तीचे काम देताना कंत्राटदाराला तीन प्रश्न विचारा. जुना कोबा काढणार का? ढाळ किती आणि कोणत्या तोंडाकडे? पाणी भरून किती दिवस दाखवणार? आणि पाणी उतरल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. लेव्हलच्या नळीत पाणी भरून ढाळ मोजता येतो. त्यासाठी शिक्षण लागत नाही, दोन माणसे आणि दहा मिनिटे लागतात. इमारत जुनी असेल आणि वर आधीच दोन थर असतील, तर मात्र गवंड्यावर न सोडता स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवावे. त्याची फी स्लॅबपेक्षा स्वस्त असते आणि माणसापेक्षा तर निश्चितच.

आपल्या वस्तीत बिगारी काम केलेली, पाट्या वाहिलेली, स्लॅब भरताना दिवसभर माल वर चढवलेली माणसे घरोघर आहेत. मुंबईच्या कितीतरी गच्च्यांचा ढाळ त्यांच्या हातांनी निघाला आहे. ढाळ कसा बघावा, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. वर्गणी गोळा करून आपण काम काढतो तेव्हा समितीच्या बैठकीत या माणसांना, आणि पाट्या वाहणाऱ्या बायांनाही, पुढे बसवून विचारले पाहिजे. कोणत्या कोपऱ्यात पाणी थांबेल ते नकाशा बघणाऱ्याच्या आधी त्या सांगतील.